सन्मान कोणत्या आईचा? नाझी जर्मनीतील स्त्री आणि कुटुंबधोरण

हिटलरचा विषय निघाला की आपल्या अभ्यासवर्गांत छळछावण्या, ज्यूंचा संहार आणि दुसरे महायुद्ध एवढ्यावर चर्चा होते आणि तिथेच थांबते. त्या राजवटीने घरात काय केले, लग्नात काय केले, बाईच्या पोटात कसा हात घातला, हे क्वचितच कुणी विचारते. गेले काही महिने वस्तीतल्या तरुण-तरुणींबरोबर आम्ही हाच भाग वाचतो आहोत. त्यात एक प्रश्न पुन्हा पुन्हा येतो, आणि बहुतेक वेळा तो एखादी मुलगीच विचारते : ते तर आईला पदक देत होते ना? कर्ज देत होते, मुलांसाठी सवलती देत होते, मग ते स्त्रीविरोधी कसे?

प्रश्न रास्त आहे. केवळ "तो हुकूमशहा होता" असे म्हणून तो उडवून लावता येणार नाही. बाळंतिणीला मदत, गरोदर बाईला विश्रांती, मुलांना दूध या मागण्या आपल्याही चळवळीच्या आहेत. तेव्हा नाझींनी दिलेले आणि आपण मागतो ते यात फरक कुठे आहे, हे कायदे, अटी आणि अर्जाचे कागद पाहूनच कळते.

मिळालेले कसे गेले

सुरुवात थोडी मागून करू. जर्मन स्त्रियांना मताचा हक्क नोव्हेंबर १९१८ मध्ये मिळाला. जानेवारी १९१९च्या निवडणुकीत ४२३ जणांच्या राष्ट्रीय सभेत ३७ स्त्रिया निवडून आल्या. १९ फेब्रुवारी १९१९ रोजी मारी युखाझ या समाजवादी कार्यकर्तीने त्या सभेत भाषण केले. जर्मन संसदेत स्त्रीने केलेले ते पहिले भाषण. त्याच वर्षी तिने कामगारांसाठी समाजकार्याची संघटना उभी केली, म्हणून आम्हा समाजकार्यवाल्यांना ती जरा अधिक जवळची. वायमार राज्यघटनेने स्त्री-पुरुषांचे नागरी हक्क तत्त्वतः समान मानले. तत्त्वतः हा शब्द घटनेतच होता, आणि त्यातच सगळी मेख होती. १९०० सालापासून लागू असलेला नागरी कायदा तसाच राहिला. घरातला अंतिम निर्णय नवऱ्याचा, हे त्या कायद्यात स्पष्ट लिहिलेले होते.

म्हणजे नाझी आले तेव्हा पुरुषी सत्ता त्यांना नव्याने शोधून काढावी लागली नाही. १९२९ नंतर मंदी आली, लाखो पुरुष बेकार झाले आणि नवरा-बायको दोघेही कमावतात अशा घरांविरुद्ध ओरड सुरू झाली. ती ओरड फक्त नाझींची नव्हती. मे १९३२ मध्ये, हिटलर सत्तेवर येण्याच्या आठ महिने आधी, विवाहित सरकारी नोकरदार स्त्रियांना कामावरून काढण्याची मुभा देणारा कायदा संमत झालेला होता. हा तपशील आम्हाला महत्त्वाचा वाटतो. हुकूमशाही मोकळ्या मैदानावर येत नाही; लोकशाहीवाद्यांनी आधीच उघडून ठेवलेल्या दारातून येते.

नाझी पक्षाने १९२१ मध्येच स्त्रियांना पक्षनेतृत्वात जागा नाही असे ठरवले होते. सत्ता आल्यावर कात्री जोरात चालली. जून १९३३च्या कायद्याने ३५ वर्षांखालील स्त्रीला कायम सरकारी नेमणूक देणे बंद केले. १९३४ साठी विद्यापीठ प्रवेशात मुलींचे प्रमाण दहा टक्क्यांवर आणले. हा नियम वर्षभरातच मागे घेतला गेला, पण मुलींनी काय समजायचे ते समजले. विद्यार्थिनींची संख्या १९३९ पर्यंत १९३२च्या तुलनेत सुमारे एक तृतीयांश राहिली. १९३६ मध्ये स्त्रियांना न्यायाधीश आणि वकील होण्याची दारे बंद झाली. स्त्री संघटनांच्या महासंघाने मे १९३३ मध्ये नाझी चौकटीत सामील होण्याऐवजी स्वतःला विसर्जित केले. मारी युखाझला देश सोडावा लागला.

हिटलरने सप्टेंबर १९३४ मध्ये न्यूरेंबर्गला पक्षाच्या स्त्री संघटनेपुढे भाषण केले. स्त्रीमुक्ती हा शब्दच ज्यू बुद्धीची पैदास आहे, पुरुषाचे जग राज्य आणि स्त्रीचे जग नवरा, मुले व घर, असा त्याचा आशय होता. ऐकायला ओळखीचे वाटते ना? बाईच्या जागेची ही वाटणी करायला कुठल्याही देशातल्या सनातन्याला शिकवणी लावावी लागत नाही. पण त्या भाषणात आणखी एक गोष्ट होती. बाळंतपण म्हणजे स्त्रीने राष्ट्रासाठी लढलेली लढाई, अशी तुलना त्याने केली. म्हणजे घरातली बाईसुद्धा घरात राहून सैन्यात भरती झाली. तिचे घर तिचे राहिले नाही.

कर्जाचा कागद

आता त्या मदतीकडे येऊ. १ जून १९३३च्या बेकारी कमी करण्याच्या कायद्यात विवाहकर्जाची योजना होती. नव्या जोडप्याला १००० राइशमार्कपर्यंत बिनव्याजी कर्ज. त्या काळच्या कामगाराच्या दृष्टीने ही कित्येक महिन्यांची कमाई. अट अशी की लग्नाआधी कमावणाऱ्या मुलीने नोकरी सोडायची. पैसे रोख नव्हते. फर्निचर, भांडीकुंडी घेण्याची कुपने मिळत. आणि कर्ज नवऱ्याच्या हाती दिले जाई. नोकरी सोडली बायकोने, कर्ज मिळाले नवऱ्याला! दरमहा एक टक्का परतफेड, आणि प्रत्येक मूल झाले की कर्जाचा चौथा भाग माफ. चार मुले झाली की कर्ज फिटले. जर्मन लोकांनी यासाठी एक चावट शब्दही काढला होता, ज्याचा अर्थ साधारण "पोरे काढून फेडणे". या योजनेसाठी पैसा कुठून आला? अविवाहितांवर कर लावून.

एका हिशेबात तीन कामे झाली. बाई नोकरीतून गेली, बेकारीचे आकडे खाली आले, फर्निचरच्या कारखान्यांना गिऱ्हाईक मिळाले. पुढे शस्त्रनिर्मितीसाठी माणसे कमी पडू लागली, तेव्हा १९३७ मध्ये नोकरी सोडण्याची अट गुपचूप काढून टाकली. बाईची जागा घरात, हे निसर्गाचे तत्त्व असते तर ते चार वर्षांत बदलले नसते.

मुले वाढली का? १९३३ मध्ये दर हजार लोकांमागे १४.७ जन्म होते, १९३९ मध्ये ते २०च्या थोडे वर गेले. राजवटीने हा स्वतःचा विजय म्हणून मिरवला. पण मंदीत लांबलेली लग्ने आता होत होती, हे त्यामागचे मोठे कारण. घरटी मुलांची संख्या फारशी वाढली नाही. बहुतेक जोडप्यांनी कर्ज घेतले, एक-दोन मुले होऊ दिली आणि उरलेले हप्ते भरून टाकले. मग राजवटीने दुसऱ्या बाजूने दाब वाढवला. मूल नसलेल्या जोडप्यांना जादा कर आला. १९३८च्या घटस्फोट कायद्यात, मूल होऊ देण्यास नकार किंवा अकाली वंध्यत्व ही घटस्फोटाची कारणे झाली. कौतुकाने सांगून ऐकले नाही तर कराने, कराने नाही तर टाकून देण्याच्या भीतीने.

पदकाच्या अटी

डिसेंबर १९३८ मध्ये जर्मन मातांसाठी सन्मान-क्रूस जाहीर झाला. चार-पाच मुलांच्या आईला कांस्य, सहा-सातच्या आईला रौप्य, आठ किंवा अधिक मुलांच्या आईला सुवर्ण. १९३९च्या मातृदिनी त्याचे पहिले वाटप देशभर समारंभाने झाले. पुढे हिटलरच्या आईचा वाढदिवस, १२ ऑगस्ट, हाही त्याचा दिवस ठरला. पदक घातलेली बाई दिसली की हिटलर युवक संघटनेच्या पोरांनी तिला सलाम करावा, अशी अपेक्षा होती.

आमच्या गटातल्या मुलीचा प्रश्न इथलाच. आठ लेकरे वाढवून पिचलेल्या बाईला आयुष्यात पहिल्यांदा कुणी खुर्ची देतो, सलाम करतो, तर ती ते का नाकारेल? नाकारले नाहीच बहुतेकींनी. पण पदक मागून मिळत नव्हते आणि केवळ मुले मोजून तर मुळीच मिळत नव्हते. नगरप्रमुख किंवा पक्षाचा स्थानिक पदाधिकारी नाव सुचवायचा, मग चौकशी व्हायची. आई-बाप "जर्मन रक्ताचे" आहेत का? घराण्यात "आनुवंशिक दोष" आहे का? घर स्वच्छ आहे का, बाप दारू पितो का, उधारी किती, पोरे शाळेत जातात का, शेजाऱ्यांचे मत काय? या चाळणीतून जे कुटुंब पार झाले त्याला त्यांच्या भाषेत "लेकुरवाळे", म्हणजे मुलांच्या धनाने श्रीमंत, म्हणत. जे पार झाले नाही, ते मोठे कुटुंब "समाजविघातक". दोन्ही घरांत मुले आठच. एका आईच्या गळ्यात निळ्या फितीचे पदक, आणि दुसरीच्या दारात आरोग्य खात्याचा माणूस.

पदकाची खरी ओळख या दुसऱ्या दारात होते.

चारशे हजार

१४ जुलै १९३३ रोजी, म्हणजे विवाहकर्ज जाहीर होऊन जेमतेम सहा आठवडे झाले होते तेव्हा, आनुवंशिक रोगी संतती रोखण्याचा कायदा झाला. १ जानेवारी १९३४ पासून तो अमलात आला. त्यासाठी "आनुवंशिक आरोग्य न्यायालये" स्थापन झाली. प्रत्येकात एक न्यायाधीश आणि दोन डॉक्टर. त्यांच्या आदेशाने माणसाची सक्तीने नसबंदी होई. गरज पडल्यास पोलीस धरून आणत. १९४५ पर्यंत सुमारे चार लाख लोकांवर ही सक्ती झाली. त्यांत निम्म्या स्त्रिया. स्त्रियांची शस्त्रक्रिया पोट फाडून करावी लागे, म्हणून मेलेल्या काही हजार जणांत बहुसंख्य स्त्रियाच होत्या.

कायद्यात आजारांची यादी होती : अंधत्व, बहिरेपणा, फेफरे, काही मानसिक आजार, तीव्र दारूचे व्यसन. पण सर्वाधिक माणसे अडकली ती "जन्मजात मतिमंदत्व" या एका शब्दात. तो शब्द रबरासारखा ताणता येत होता. शाळेत शिकवलेला भूगोल, हिशेब, सामान्य ज्ञान यांवर प्रश्न विचारत. ज्यांना शाळाच मिळाली नाही ते नापास होणारच. उत्तरे बरोबर आली तरी सुटका नव्हती. मग वागणूक बघत. आणि स्त्रीची वागणूक म्हणजे काय? लग्नाशिवाय मूल आहे का, पुरुषांशी संबंध किती, घर टापटीप ठेवते का, कामावर टिकते का. धुणीभांडी करणाऱ्या मुली, कुमारी माता, अनाथाश्रमात वाढलेल्या पोरी, सिंती आणि रोमा या भटक्या म्हणवलेल्या जमातींच्या बायका या कायद्याला सहज सापडल्या. १९३५ च्या दुरुस्तीने, नसबंदीचा आदेश असलेल्या गरोदर स्त्रीचा गर्भपातही सहाव्या महिन्यापर्यंत करता येऊ लागला.

त्याच वेळी "योग्य" जर्मन स्त्रीला गर्भपाताची बंदी अधिक कडक झाली. १९३३ मध्ये गर्भपाताच्या साधनांची जाहिरात गुन्हा ठरली, १९४१ मध्ये बहुतेक गर्भनिरोधके बंद झाली, १९४३ मध्ये वारंवार गर्भपात करणाऱ्याला मृत्युदंडाची तरतूद आली. एकीला मूल नको असताना सक्ती, दुसरीला हवे असताना सक्ती. दोन्हींत बाईचा होकार कुणी विचारला नाही.

आमच्या व्यवसायाबद्दल इथे थोडे बोलायलाच हवे. या न्यायालयांपुढे प्रकरणे आपोआप आली नाहीत. डॉक्टर, परिचारिका, शिक्षक आणि समाजसेवा खात्यातल्या कार्यकर्त्या यांनी नावे कळवली, घरभेटींचे अहवाल लिहिले. त्यांतल्या कित्येकींना आपण गरिबांचे भलेच करतो आहोत असे वाटत होते. घरभेटीचा अर्ज, त्यातला "कुटुंबाचे वातावरण" हा रकाना, आम्हीही भरतो. तो रकाना कुणाच्या विरोधात वापरला जाऊ शकतो, हे समाजकार्याच्या वर्गात अधिक स्पष्टपणे शिकवले जायला हवे असे आमचे मत आहे.

रक्ताचा कायदा आणि बाबासाहेबांचा निबंध

१५ सप्टेंबर १९३५ रोजी न्यूरेंबर्ग कायदे आले. त्यांतल्या एकाचे नावच जर्मन रक्ताच्या आणि जर्मन प्रतिष्ठेच्या संरक्षणाचा कायदा असे होते. ज्यू आणि "जर्मन रक्ताचे" यांच्यात लग्न बेकायदा, लग्नाबाहेरचे संबंधही गुन्हा. ज्यू घरात ४५ वर्षांखालील जर्मन मोलकरीण ठेवायला बंदी. महिन्याभरात आणखी एक कायदा आला : लग्नाआधी आरोग्य खात्याचे प्रमाणपत्र. शिक्षा कायद्याने पुरुषाला होती, पण रस्त्यावरची शिक्षा स्त्रीलाही मिळाली. ज्यू पुरुषाशी नाते ठेवणाऱ्या स्त्रियांना गळ्यात पाटी अडकवून, काही ठिकाणी डोके भादरून, गावातून फिरवले गेले.

आंबेडकरी वाचकाला हे वाचताना ९ मे १९१६ची आठवण झाल्याशिवाय राहणार नाही. त्या दिवशी कोलंबिया विद्यापीठात पंचवीस वर्षांच्या बाबासाहेबांनी "कास्ट्स इन इंडिया" हा निबंध वाचला. जातीचे सार त्यांनी एका गोष्टीत शोधले : जातीअंतर्गत विवाह. एखादा गट स्वतःला बंदिस्त करू पाहतो, तेव्हा त्याला लग्नाच्या वयातल्या स्त्री-पुरुषांची संख्या आत जुळवत ठेवावी लागते. नवरा मेलेली बाई "जादा" ठरते, ती बाहेर लग्न करील ही भीती असते. सती, सक्तीचे वैधव्य, बालविवाह या प्रथा त्या भीतीतून कशा टिकल्या, हे त्यांनी दाखवले. बाईवरचा पहारा हा जातीचा दुष्परिणाम नाही. त्या पहाऱ्यावरच जात उभी आहे. न्यूरेंबर्गच्या एकोणीस वर्षे आधी हे लिहिले गेले होते. राजवटीने वंशाची भिंत बांधायला घेतली तेव्हा पहिली वीट लग्नात आणि मोलकरणीच्या वयात का घातली, याचे उत्तर त्या निबंधात आधीच आहे.

बाबासाहेबांनी पुढे १९३६ मध्ये "जातिप्रथेचे विध्वंसन" मध्ये, जातीचे समर्थन वंशशुद्धीच्या आणि सुप्रजननाच्या भाषेत करणाऱ्यांचा समाचार घेतला. युरोपात तेव्हा हीच भाषा विज्ञान म्हणून चालत होती, आणि फक्त जर्मनीत नव्हे. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत सक्तीच्या नसबंदीचे कायदे नाझींच्या आधीपासून होते.

तुलना करताना सैल होऊ नये, हेही आम्ही गटात सांगतो. जात हजारो वर्षे समाजाने, धर्माने, पंचायतीने टिकवली. नाझींचे राज्य बारा वर्षांचे आणि त्याच्या हाती आधुनिक नोंदवह्या, रुग्णालये, पोलीस होते. ते साठ लाख ज्यूंच्या हत्येपर्यंत गेले. या दोन गोष्टी एक नाहीत. पण लग्न आणि गर्भ यांच्यावर ताबा घेतल्याशिवाय माणसांची उतरंड टिकत नाही, हे दोन्हीकडे दिसते.

तारखांचा एक योगायोग नोंदवू. ९-१० नोव्हेंबर १९३८च्या रात्री जर्मनीभर ज्यूंची दुकाने आणि प्रार्थनास्थळे फोडली, जाळली गेली. १० नोव्हेंबर १९३८ रोजीच मुंबई विधानसभेत संततिनियमनाच्या सोयी लोकांना मिळाव्यात असा ठराव स्वतंत्र मजूर पक्षाच्या पी. जे. रोहम यांनी मांडला. त्यामागे बाबासाहेबांचे भाषण होते. ठराव फेटाळला गेला. त्याआधी १९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात कारखान्यातल्या बायकांना बाळंतपणाची पगारी रजा मिळावी, या विधेयकाच्या बाजूने बाबासाहेब उभे राहिले होते आणि त्याचा काही भार सरकारनेही उचलावा असे त्यांचे म्हणणे होते. आता मुलीच्या प्रश्नाकडे परत या. १९२८ची मागणी कामगार बाईसाठी होती, ती कोणत्या जातीची, किती मुले, घर टापटीप की नाही, हे न विचारता. १९३८ची मागणी तिला नको असलेले बाळंतपण टाळता यावे म्हणून होती. नाझी मदत तिचे रक्त तपासून मिळत होती आणि ती नको म्हणाली तर तिला नाकारण्याची वाट नव्हती.

(आपल्याकडे सरकारने घरात शिरण्याचा प्रकार झालाच नाही असे नाही. आणीबाणीत १९७६ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने तीन मुलांनंतर सक्तीच्या नसबंदीचे विधेयक संमत केले होते. राष्ट्रपतींची संमती मिळण्याआधी आणीबाणीच उठली. तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.)

बायका बायकांच्या विरोधात

या राजवटीत स्त्रिया फक्त बळी होत्या, असे मानणे सोयीचे आहे, खरे नाही. १९३४ पासून गेरट्रूड शोल्ट्झ-क्लिंक ही राइशची स्त्रीप्रमुख होती. बाईने चूल सांभाळावी असे सांगत ती स्वतः देशभर दौरे करत, भाषणे देत फिरली. तिच्या हाताखालच्या मातृसेवा विभागाने लाखो स्त्रियांना स्वयंपाक, बालसंगोपन आणि त्याबरोबर वंशशास्त्राचे वर्ग दिले. शेजारणीने शेजारणीची तक्रार केली. शिक्षिकेने ज्यू मुलीला मागच्या बाकावर बसवले. पुढे छावण्यांत पहारेकरी म्हणूनही स्त्रिया नोकरीला लागल्या. जर्मन स्त्री-इतिहासकारांत यावर मोठा वाद झाला. क्लॉडिया कून्झ यांनी नाझी मातांच्या सहभागावर बोट ठेवले, तर गिझेला बॉक यांनी सक्तीच्या नसबंदीच्या अभ्यासातून स्त्रियांवरच्या जुलमावर भर दिला. आम्हाला दोघींचेही म्हणणे हवे आहे, कारण दोन वेगळ्या स्त्रियांबद्दल त्या बोलत आहेत. ब्राह्मणी पितृसत्तेत सवर्ण बाई आणि दलित बाई यांची जागा एक नसते, हे ज्याला कळते त्याला हा वाद समजायला अवघड नाही.

युद्धाने उरलासुरला मुखवटा काढला. युद्ध सुरू झाले तेव्हाच जर्मनीत एक कोटी चाळीस लाखांहून अधिक स्त्रिया शेतात, कारखान्यात, कार्यालयात राबत होत्या. जानेवारी १९४३ मध्ये १७ ते ४५ वयाच्या स्त्रियांना कामासाठी नोंदणी सक्तीची झाली. पोलंड आणि सोव्हिएत प्रदेशांतून लाखो मुली जबरदस्तीने मजुरीला आणल्या गेल्या. त्या गरोदर राहिल्या तर त्यांचे गर्भपात करवले जात, किंवा बाळ जन्मताच काढून घेऊन परदेशी मजुरांच्या मुलांसाठीच्या तथाकथित संगोपनगृहात टाकले जाई. फेल्पके नावाच्या गावी १९४४ मध्ये असे एक घर होते. तिथे काही महिन्यांत ऐंशीहून अधिक तान्ही मुले उपासमारीने आणि हेळसांडीने मेली. १९४६ मध्ये ब्रिटिश लष्करी न्यायालयात त्यावर खटला चालला. आयांना आठवडाभर शेतात राबायचे होते, म्हणून मुले काढून घेतली होती. मातृत्वाची पदके त्या वर्षीही वाटली जात होती.

आणखी एक आई. ओल्गा बेनारिओ ही म्युनिकच्या ज्यू कुटुंबातली कम्युनिस्ट कार्यकर्ती. १९३६ मध्ये ब्राझीलच्या सरकारने तिला गरोदर असताना जर्मनीच्या हवाली केले. बर्लिनच्या स्त्रियांच्या तुरुंगात तिला मुलगी झाली. चौदा महिन्यांची झाल्यावर मूल आजीच्या स्वाधीन केले. ओल्गा पुढे रावेन्सब्रुकला गेली. मे १९३९ मध्ये खास स्त्रियांसाठी उघडलेली ही छावणी. तिच्यातून सव्वा लाखाच्या आसपास स्त्रिया गेल्या. १९४२ मध्ये ओल्गाला बेर्नबुर्ग येथे विषारी वायूने मारण्यात आले.

रस्त्यावर उभ्या राहिलेल्या बायका

फेब्रुवारी १९४३च्या अखेरीस बर्लिनमधल्या उरल्यासुरल्या ज्यूंची धरपकड झाली. त्यांतल्या सुमारे दोन हजार जणांना रोझेनस्ट्रासे नावाच्या गल्लीतल्या एका इमारतीत ठेवले. हे बहुतेक पुरुष बिगर-ज्यू स्त्रियांचे नवरे होते. या बायकांवर दहा वर्षे घटस्फोटासाठी दाब होता. नोकरी गेली, शिधा कमी झाला, नातेवाईक तुटले, तरी त्यांनी नवरे सोडले नव्हते. त्या इमारतीसमोर जमल्या आणि नवरे परत द्या म्हणून ओरडत राहिल्या. आठवडाभर, पोलिसांच्या धमक्या झेलत. मार्चच्या पहिल्या आठवड्यात जवळपास सर्वांना सोडण्यात आले. या निदर्शनामुळेच सुटका झाली, की राजवटीचा या पुरुषांना लगेच पाठवण्याचा बेतच नव्हता, यावर इतिहासकारांत मतभेद आहेत. पण मिश्र लग्न ज्या जर्मन स्त्रियांनी टिकवून ठेवले, त्यांच्या ज्यू नवऱ्यांपैकी मोठा भाग युद्धातून वाचला, यात वाद नाही. रक्ताचा कायदा ज्या जागी घातला होता, त्याच जागी, लग्नातच, तो अडला.

कायदा गेला, निकाल राहिले

१९४५ मध्ये राजवट संपली. १९४९च्या पश्चिम जर्मन घटनेत "स्त्री आणि पुरुष समान आहेत" हे निखळ वाक्य यावे म्हणून एलिझाबेथ सेल्बर्ट या वकील बाईंना मोठी मोहीम करावी लागली. समितीतल्या पुरुषांनी आधी ते नाकारले. देशभरातून स्त्रियांच्या पत्रांचे ढीग आल्यावर मान्य केले. तरी १९०० सालच्या नागरी कायद्यातली नवऱ्याच्या अंतिम निर्णयाची कलमे हलायला १९५८ उजाडले, आणि बायकोने घर सांभाळून जमेल तेवढीच नोकरी करावी ही तरतूद १९७७ पर्यंत टिकली. जे नाझींच्या आधी होते ते नाझींच्या नंतरही उरले.

आणि सक्तीने नसबंदी झालेल्यांचे काय? १९५३ मध्ये नाझी छळाच्या बळींना भरपाई देणारा कायदा झाला, त्यात त्यांना जागा मिळाली नाही. तो कायदा वंशछळाचा नव्हता, आरोग्याचा होता, अशी सरकारची भूमिका होती. १९८० मध्ये एकदाच पाच हजार मार्क देण्याची सोय झाली. आनुवंशिक आरोग्य न्यायालयांचे निकाल संसदेने रद्द केले १९९८ मध्ये. तोपर्यंत ते निकाल कागदोपत्री उभे होते. १९३४ मध्ये वीस वर्षांची असलेली, लिहिता-वाचता न आल्यामुळे "मतिमंद" ठरलेली एखादी मोलकरीण, हयात असलीच तर, त्या वर्षी चौऱ्याऐंशीची झाली होती.